मीटिंग रेकॉर्ड करा: नवशिक्यांसाठी सुलभ गाईड (स्वाध्यायासह)

प्रस्तावना

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात बालवाडीपासून एमपीएससीपर्यंत सगळ्याची गाईडं मिळतात. ‘ऑनलाइन मीटिंगचे रेकॉर्डिंग’ या विषयाचं गाईड मात्र मागून बघा, दुकानदार वर न बघता ‘नाही’ म्हणेल. वास्तविक हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यात या विषयाची परीक्षा रोज असते आणि रोज कोणीतरी नापास होतं. १९९१ साली सी-डॅकने याच शहरात परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याच शहरातले इंजिनिअर आज दिवसाची सुरुवात ‘माझा आवाज येतोय का?’ या प्रश्नाने करतात. मधल्या काळात कुठेतरी एक पाठ शिकवायचा राहून गेला. तो इथे घेतला आहे.

हे गाईड वाचून कोणालाही मीटिंग रेकॉर्ड करता येईल. ‘तुम्ही म्यूटवर आहात’ असं ज्यांना दर आठवड्याला सांगावं लागतं, त्यांनाही येईल. रेकॉर्ड केलेली मीटिंग नंतर कोणी बघेल, याची हमी मात्र लेखक व प्रकाशक घेत नाहीत.

साहित्य

एक लॅपटॉप. एक हेडफोन, वायरचा असल्यास उत्तम, कारण ब्लूटूथवाला नेमका क्लायंट आल्यावर शेजारच्या टीव्हीशी जोडला जातो. डिस्कवर चार-पाच जीबी मोकळी जागा. त्यासाठी २०१९ च्या माथेरान ट्रिपचे फोटो आधी दुसरीकडे हलवावेत. दार असलेली खोली. आणि त्या दाराला कडी.

पाठ १: रेकॉर्ड कोण करतंय?

रेकॉर्डिंग हे सार्वजनिक काम आहे, म्हणजे ते सगळ्यांचं असतं आणि म्हणून कोणीच करत नाही. नमुना संवाद:

‘रेकॉर्डिंग ऑन आहे ना?’

‘हो, बहुतेक.’

‘कोण करतंय?’

(शांतता. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी.)

‘अरे, मला वाटलं तू करतोयस.’

हा संवाद मीटिंग सुरू होऊन पंचवीस मिनिटं उलटल्यावरच होतो. तोवर क्लायंटने त्याला नक्की काय हवंय ते सांगून टाकलेलं असतं, आणि ‘पुन्हा एकदा सांगता का’ असं विचारायला कोणी धजावत नाही. मग सगळे मिळून आठवून लिहितात. सहा जणांच्या सहा आठवणी निघतात आणि त्यांपैकी ज्याचा हुद्दा मोठा त्याची आठवण खरी ठरते.

नियम: मीटिंगच्या आमंत्रणातच नाव घालून लिहा, की रेकॉर्डिंग अमुक करणार. ‘कोणीतरी करा रे’ हे नाव नव्हे.

पाठ २: घरचं बटण

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर मीटिंग चालू आहे त्यातलंच बटण दाबणं. हे इतकं सोपं आहे, की ते दिसत असूनही पुष्कळांना दाबता येत नाही. बटण दिसणं आणि बटण दाबायची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुभा यजमानाच्या हातात असते.

झूमच्या फुकट खात्यावर लॅपटॉपवरून रेकॉर्डिंग करता येतं आणि फाईल आपल्याच मशीनवर उतरते. फोनवरून फुकटात होत नाही. त्याला पैसेवालं खातं लागतं. म्हणजे भूमकर चौकात अडकलेल्या कॅबमधून मीटिंगला बसलेल्या सहकाऱ्याला ‘तू रेकॉर्ड कर’ असं सांगू नये. शिवाय फुकट खात्याची मीटिंग ४० मिनिटांत आपोआप संपते. ‘नमस्कार, कसे आहात, तिकडे थंडी किती’ यात दहा मिनिटं जातात, स्क्रीन शेअर होईपर्यंत आणखी आठ, हा हिशेब धरून विषयाला हात घाला. आणि मीटिंग संपल्या संपल्या लॅपटॉपचं झाकण पाडू नका. झूम त्यानंतर फाईल तयार करायला बसतं. मध्येच झाकण पाडलं, की हातात येते ती अर्धवट फाईल, जी कुठल्याच प्लेअरमध्ये उघडत नाही.

गूगल मीटमध्ये फुकट खात्याला रेकॉर्डिंगचं बटणच नसतं. कंपनीचं वर्कस्पेस खातं ठरावीक दर्जाचं असेल तरच ते उगवतं आणि रेकॉर्डिंग आयोजकाच्या ड्राइव्हमध्ये जाऊन पडतं. आयोजक रजा टाकून गावी गेला असेल, तर तो परत येईपर्यंत ते तिथेच सुखरूप राहतं.

मायक्रोसॉफ्ट टीम्सची फाईल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर जाते. तिला मुदत असते. कंपनीच्या आयटीवाल्यांनी काही बदललं नसेल तर १२० दिवसांनी ती आपोआप काढली जाते. आपल्याला रेकॉर्डिंगची गरज साधारण किती दिवसांनी लागते? नेमकी १२१ व्या दिवशी, ‘हे असं ठरलंच नव्हतं’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकू येतं तेव्हा. महत्त्वाची फाईल वेळीच उतरवून घ्या.

पाठ ३: ब्राउझरमधून

घरचं बटण नसेल, तर ब्राउझरमध्ये एखादं एक्स्टेंशन घालून रेकॉर्डिंग करता येतं. बटण दाबल्यावर ब्राउझर विचारतो: काय दाखवू? एक टॅब, एक खिडकी, की अख्खी स्क्रीन? या प्रश्नाचं उत्तर घाईत देऊ नका. माणसाची नोकरीतली प्रतिष्ठा बरेचदा इथेच ठरते.

अख्खी स्क्रीन निवडली, तर अख्खी स्क्रीनच रेकॉर्ड होते. उजव्या कोपऱ्यात अधूनमधून डोकावणारी व्हॉट्सअॅपची पट्टीसुद्धा. ‘येताना अर्धा किलो भेंडी आण, मागच्या वेळेसारखी जून नको’ हा निरोप तिमाही आढाव्याच्या चौथ्या स्लाइडवर कायमचा कोरला जातो. ‘ऑफिसच्या बिनडोकांना सांग तू रजेवर आहेस’ असा निरोप आला, तर आढावा तिथेच संपतो.

एक खिडकी निवडली, तर पुष्कळदा चित्र येतं आणि आवाज येत नाही.

एक टॅब निवडणं सगळ्यात सुरक्षित. फक्त त्या चौकोनात खालच्या बाजूला, सहज नजरेला पडू नये अशा ठिकाणी, ‘टॅबचा आवाजही शेअर करा’ असा एक पर्याय असतो. तो चालू आहे ना, हे बघायचं राहिलं तर तासाभराच्या मीटिंगचं मूकपट रेकॉर्डिंग मिळतं. प्रभात स्टुडिओच्या या शहरात मूकपटाबद्दल आदर असला, तरी क्लायंटच्या ओठांवरून तारीख ओळखता येत नाही.

टॅबच्या मार्गात आणखी एक मेख आहे. टॅबचा आवाज म्हणजे समोरच्यांचा आवाज. तुमचा स्वतःचा आवाज त्या टॅबमधून बाहेर येत नसतो, तो आत जात असतो. त्यामुळे एक्स्टेंशनमध्ये मायक्रोफोन वेगळा चालू करावा लागतो. तो केला नाही, तर रेकॉर्डिंगमध्ये क्लायंट एकटाच बोलताना दिसतो, मध्येमध्ये थांबतो, मान हलवतो आणि ‘हो, बरोबर आहे तुमचं’ म्हणतो. तुमचं काय बरोबर होतं, ते कधीच कळत नाही.

फाईल बहुधा वेबएम नावाच्या प्रकारात मिळते. पुष्कळदा तिच्यात एकूण लांबीची नोंदच नसते. मग प्लेअरमधली पट्टी पुढे सरकवता येत नाही आणि बेचाळिसाव्या मिनिटाला काय झालं ते बघायला आधीची एक्केचाळीस मिनिटं भोगावी लागतात. व्हीएलसी किंवा हँडब्रेकमधून फाईल एमपीफोर करून घेतली, की हा ताप सहसा जातो.

पाठ ४: डेस्कटॉपवरून, म्हणजे ओबीएस

आता प्रौढांचा विभाग. ओबीएस स्टुडिओ हे फुकट आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २०१२ पासून आहे. मुळात ते गेम खेळताना थेट प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी लिहिलं गेलं, त्यामुळे उघडल्यावर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं वाटतं. घाबरू नका. त्यात दोनच गोष्टी समजून घ्यायच्या: सीन आणि सोर्स. सीन हा रिकामा चौकोन. त्यात काय काय दिसायला आणि ऐकू यायला हवं, ते एकेक सोर्स जोडून सांगायचं. काहीच जोडलं नाही तर काळोख रेकॉर्ड होतो, आणि अतिशय चांगल्या प्रतीचा होतो.

सोर्स जोडूनही काळोखच दिसला तर? हा ओबीएसचा नवशिक्यांना दिलेला पहिला नमस्कार आहे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिप असतात. स्क्रीन एका चिपवर चालते आणि ओबीएस दुसऱ्या चिपवर जाऊन बसतं, म्हणून त्याला काही दिसत नाही. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन ओबीएसला ‘पॉवर सेव्हिंग’च्या चिपवर पाठवलं, की बहुतेक वेळा चित्र येतं. नुसत्या ब्राउझरच्या खिडकीचा काळोख असेल, तर विंडो कॅप्चरमध्ये पकडण्याची पद्धत बदलून बघा.

फाईलचा प्रकार निवडताना एमकेव्ही निवडा. साधी एमपीफोर फाईल शेवटी नीट बंद व्हावी लागते. मध्येच वीज गेली किंवा मशीन अडकलं तर सगळी फाईल निकामी. एमकेव्ही फाईल जिथवर पोचली तिथवर शाबूत राहते, आणि नंतर ओबीएसच्याच फाईल मेनूमधल्या ‘रीमक्स’ने दोन मिनिटांत एमपीफोर करता येते. ज्या सोसायटीत गुरुवारी पाणी बंद आणि महावितरणचं देखभालीचं कामही त्याच दिवशी, तिथे राहणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

जागेचा हिशेब तोंडी करता येतो. सेकंदाला २,५०० किलोबिट या दराने तासाभराची फाईल साधारण १.१ जीबी होते. मीटिंगमध्ये हलणारी गोष्ट म्हणजे एखाद्याचा माऊस आणि कोणाची तरी मान, तेव्हा याहून कमी दरानेही भागतं.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी विंडोजमध्ये विंडोज, ऑल्ट आणि आर ही तीन बटणं एकदम दाबली की गेम बार रेकॉर्डिंग सुरू करतो. तो एका वेळी एकाच अॅपची खिडकी पकडतो. डेस्कटॉप किंवा फाईलींची खिडकी त्याला चालत नाही. विंडोज ११ मधलं स्निपिंग टूलही आता व्हिडिओ घेतं. मॅकवाल्यांनी शिफ्ट, कमांड आणि ५ दाबावं. तिथे चित्र सुरेख येतं आणि तुमचा आवाजही येतो. समोरच्याचा आवाज मशीनच्या आतून पकडायचा, तर ब्लॅकहोलसारखं आणखी एक सॉफ्टवेअर बसवावं लागतं. मॅकवाले हे कोणाला सांगत नाहीत.

पाठ ५: आवाज

चित्र नसलं तरी मीटिंग कळते. आवाज नसला तर उरतं ते माणसांचं प्रदर्शन. म्हणून खऱ्या मीटिंगआधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ऐका. या गाईडमधला हा एकमेव सल्ला आहे जो सगळ्यांना पटतो आणि कोणी पाळत नाही.

पुण्याचे स्थानिक आवाज वेळेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतात, त्यांची सोय आधी बघावी. सकाळच्या स्टँडअपला घंटागाडी असते. अकराला भंगारवाला, त्याचा कर्णा आणि क्लायंटचा आवाज एकाच पट्टीत लागतात. बाराला कुकर. शिट्ट्या किती होणार हे स्वयंपाकघरात विचारून घ्या आणि आपला मुद्दा तिसऱ्या शिट्टीनंतर मांडा. पावसाळ्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, तो नेमका अमेरिकेच्या कॉलच्या वेळेला. डेक्कन, एरंडवणे, नारायण पेठ या भागांतल्या मंडळींनी त्या दिवसांत बोलून झाल्याबरोबर म्यूट व्हावं. सॉफ्टवेअरमधला आवाज गाळणारा पर्याय पंख्याची घरघर घालवतो. साठ ढोल त्याच्या आवाक्याबाहेरचे.

खोलीत येणाऱ्या माणसांचाही आवाज असतो. ‘चहा ठेवलाय, गार होतोय’ हे वाक्य मराठी माणूस कुजबुजत म्हणू शकत नाही. म्हणून साहित्यात कडी सांगितली.

पाठ ६: वेळ

न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. आपण घड्याळाला हात लावत नाही, ते लावतात: मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. इंग्लंडवाले हेच काम मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतात. म्हणजे वर्षातून दोनदा असे काही दिवस येतात, की पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क या तिघांचा मिळून एक कॉल असेल, तर कोणीतरी तासभर आधी येऊन रिकामी खोली रेकॉर्ड करत बसतं. लंडनचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात आपल्या दुपारच्या दीडला येतात. त्यावर भाष्य करायची गरज नाही.

पाठ ७: विचारून

झूम, मीट आणि टीम्स रेकॉर्डिंग सुरू होताच सगळ्यांना सांगतात. ओबीएस, गेम बार आणि एक्स्टेंशन कोणालाही काही सांगत नाहीत. तेव्हा ते सांगायचं काम तुमचं. ‘मी रेकॉर्ड करतोय, कोणाची हरकत?’ हे वाक्य सुरुवातीला, रेकॉर्डिंग चालू असताना म्हणा, म्हणजे परवानगी देतानाचा आवाजही फाईलमध्ये राहील. वरिष्ठांना ‘सर, रेकॉर्ड केलं तर चालेल ना?’ असं विचारायचं असतं. सर ‘हो हो’ म्हणतात आणि पुढचा तासभर पुस्तकी इंग्रजी बोलतात.

कायद्याकडेही थोडं बघून घ्या. माणसाचा चेहरा आणि आवाज ही त्याची ओळख पटवणारी माहिती आहे, आणि अशा माहितीसाठी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ संमतीला केंद्रस्थानी ठेवतो. कंपनीचं धोरण त्याहून कडक असू शकतं. कामाची मीटिंग स्वतःच्या खासगी लॅपटॉपवर उतरवणं पुष्कळ ठिकाणी थेट शिस्तभंग ठरतं. दुसऱ्या बाजूने, ध्वनिमुद्रण कोर्टात चालतच नाही, असंही समजू नका. मुंबईच्या कॉरोनरवर लाच मागितल्याचा खटला झाला होता. त्यात फोनवरच्या संभाषणाची टेप पुरावा म्हणून सुप्रीम कोर्टाने १९७२ साली ग्राह्य धरली. ते आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण वकील मंडळी आजही काढतात.

काही सभा तर रेकॉर्ड कराव्याच लागतात. गृहनिर्माण सोसायटीच्या पुनर्विकासाबद्दल राज्य सरकारची ४ जुलै २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि त्यांत सभेच्या व्हिडिओ चित्रीकरणाची अट आहे. कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत सध्या जुन्या इमारती पाडायची घाई आहे, तेव्हा आयटीत नसलेल्या पुणेकरांनाही हे गाईड उपयोगी पडावं. अशा सभेत कॅमेरा सुरू झाला की एरवी पार्किंगवरून हमरीतुमरीवर येणारे सभासद एकमेकांना ‘माननीय’ म्हणू लागतात. हे निरीक्षण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि रेकॉर्डिंग बाहेर जातं, हेही धरून चाला. २०२१ च्या डिसेंबरात बेटर डॉट कॉम या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखाने झूमवर तीन मिनिटांच्या आत सुमारे ९०० जणांना घरी बसवलं. त्या कॉलचं रेकॉर्डिंग जगभर फिरलं. नंतर काही काळ त्यालाही बाजूला व्हावं लागलं.

पाठ ८: नाव

फाईलला आपोआप मिळालेलं नाव तसंच ठेवू नका. ‘मीटिंग फायनल’, ‘मीटिंग फायनल नवीन’, ‘मीटिंग फायनल नवीन नक्की’ ही चढण तर टाळाच. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रोजेक्ट, मग विषय, या क्रमाने नाव दिलं की फाईली तारखेप्रमाणे आपोआप ओळीत लागतात. एक प्रत कंपनीने नेमून दिलेल्या जागी, दुसरी आणखी एका अधिकृत जागी. एकाच जागी ठेवलेल्या गोष्टींचं काय होतं, ते पुण्याने पाहिलं आहे: २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या व्हॉल्टला आग लागली आणि नायट्रेटवरची जुनी, पुन्हा न मिळणारी रिळं जळून गेली.

पाठ ९: बघणे

या पाठाला विद्यार्थी सहसा गैरहजर असतात.

सगळ्यात जास्त रेकॉर्डिंग केटीचं होतं. कोणी राजीनामा दिला, की नोटीस पिरियडच्या दोन-तीन महिन्यांत तो आपलं ज्ञान मागे राहणाऱ्यांना हस्तांतरित करतो. रोज एक तास कॉल, रोज एक फाईल. रेकॉर्डिंग चालू आहे, म्हणून ऐकणारे निर्धास्त असतात आणि दुसऱ्या खिडकीत दुसरं काम करतात. बोलणारा जायच्या मूडमध्ये असतो. शेवटच्या दिवशी चाळीस फाईलींचा फोल्डर सुपूर्द होतो, केक कापला जातो. तीन महिन्यांनी रात्री दोन वाजता सर्व्हर पडतो, तेव्हा त्या फोल्डरकडे कोणी वळत नाही. सगळे त्या माणसाला नव्या कंपनीत फोन करतात. तो बिचारा उचलतो आणि दोन वाक्यांत सांगतो.

रेकॉर्डिंग कोणी बघत नाही, हे ओळखून आता एआय मदतनीस आले आहेत. ते मीटिंगला स्वतः हजर राहतात, मजकूर उतरवतात आणि गोषवारा पाठवतात. कधीकधी चार माणसं आणि पाच मदतनीस असा कॉल भरतो. कधी माणसं येतच नाहीत, मदतनीस एकमेकांची शांतता टिपून घेतात. शिवाय आपली मीटिंग मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांत एकाच वाक्यात चालते. ‘मी बघतो, हो जाएगा, बट नो कमिटमेंट’ याचा गोषवारा ‘काम पूर्ण होईल असे आश्वासन दिले’ असा येतो. त्यातून झालेली भांडणं मिटवायला दुसरी मीटिंग ठेवावी लागते. तीही रेकॉर्ड होते.

पुण्याला साठवणुकीचं कौतुक नाही. पेशवे दप्तरात मोडीतल्या कागदांचे डोंगर पडून होते. रियासतकार गो. स. सरदेसाईंनी त्यांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड छापून काढले, तेव्हा ते अभ्यासकांच्या हाती लागले. तुमच्या फोल्डरमध्ये सरदेसाई कोण, हे मीटिंगआधी ठरवा. तासाभराच्या कॉलमधून तीन ओळींचा एमओएम, म्हणजे मीटिंगचा गोषवारा, काढणारा माणूस नेमला नसेल, तर रेकॉर्डिंग करूच नका. डिस्कवर माथेरानचे फोटो बरे.

पाठ १०: लाल टिंब गेल्यावर

नवशिके हा पाठ ऐच्छिक समजतात. हाच मुख्य आहे.

कुठलीही मीटिंग नीट पाहिली तर तिचे दोन भाग दिसतात. रेकॉर्डिंग चालू असल्याचं लाल टिंब दिसत असतं तोवर सगळे ‘आपण बरोबर दिशेने चाललो आहोत’ असं बोलतात. डेडलाइन ‘आव्हानात्मक पण साध्य करण्याजोगी’ असते. कोणाचं काही चुकलेलं नसतं, ‘शिकण्यासारखं’ असतं. अडचणीचा मुद्दा आला की कोणीतरी पटकन म्हणतं, ‘हे आपण ऑफलाइन घेऊ.’ मग क्लायंट जातो, ‘बाय, बाय’ होतं, माणसं एकेक करून कमी होतात. चार जण उरतात. एक जण हळूच विचारतो:

‘रेकॉर्डिंग बंद झालं का?’

‘झालं.’

‘हं. आता बोला. हे जूनमध्ये होणार आहे का?’

‘जूनमध्ये? दिवाळीला झालं तरी नारळ फोडू.’

‘मग आत्ता हो का म्हणालात?’

‘त्यांच्यासमोर काय म्हणू?’

पुढची सात मिनिटं कामाची असतात. कोणी रजेवर जाणार आहे, कुठला कोड कोणालाच समजत नाही, कोणाला दुसरीकडून ऑफर आली आहे आणि म्हणून काय आधी उरकायला हवं, ते सगळं इथे ठरतं. याची फाईल कुठेच नसते. फाईल असते ती आधीच्या त्रेपन्न मिनिटांची.

थोडक्यात, लाल टिंबाच्या आत जे बोललं जातं ते नंतर कोणी बघत नाही, आणि जे बघण्याजोगं असतं ते लाल टिंब गेल्यावर बोललं जातं. हा दोष ओबीएसचा नाही, त्यामुळे नव्या आवृत्तीतही दुरुस्त होणार नाही. चोरून रेकॉर्डिंग हा यावरचा उपाय समजू नका. लपवलेला कॅमेरा एकदा सापडला, की ती सात मिनिटं फोनवर जातात आणि तुम्हाला वगळून होतात.

उपाय एकच, आणि तो बटणाआधीचा आहे. लाल टिंब दिसत असताना ‘हे जूनमध्ये होणार नाही’ असं म्हणणाऱ्याची मान पुढच्या अप्रेझलला शाबूत राहिली, तर तिसऱ्या मीटिंगला दुसराही तसं म्हणतो. मग रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी ऐकण्यासारखं येऊ लागतं. ज्या टीममध्ये हे होत नाही, तिथे ४के दर्जाचं रेकॉर्डिंग घेतलं तरी हाताशी लागतं ते माननीय सभासदांचं संमेलन.

स्वाध्याय

प्रश्न १. रिकाम्या जागा भरा.

(अ) झूमच्या फुकट खात्यावरची मीटिंग ____ मिनिटांत संपते.

(आ) टॅब निवडला पण टॅबचा ____ शेअर केला नाही, तर मूकपट तयार होतो.

(इ) ‘हे आपण ____ घेऊ’ म्हणजे हे आपण कधीच घेणार नाही.

प्रश्न २. कारणे द्या.

(अ) वीज जाण्याची शक्यता असेल तर एमकेव्ही निवडावं.

(आ) केटीच्या चाळीस फाईली असूनही रात्री दोनला जुन्या सहकाऱ्यालाच फोन करावा लागतो.

(इ) सर एरवी मराठीत रागावतात, पण रेकॉर्डिंगमध्ये इंग्रजीत आनंद व्यक्त करतात.

प्रश्न ३. जोड्या लावा.

‘अ’ गट: काळा पडदा; पळवता न येणारी फाईल; १२१ वा दिवस; पंचेचाळीस खंड.

‘ब’ गट: सरदेसाई, दोन ग्राफिक्स चिप, टीम्स, वेबएम.

प्रश्न ४. थोडक्यात उत्तर लिहा.

क्लायंट लंडनचा, डेव्हलपर पुण्याचा, मॅनेजर न्यू जर्सीचा. मार्चचा तिसरा आठवडा. मीटिंगला वेळेवर कोण येईल? (उत्तर ‘एआय मदतनीस’ असे लिहिल्यास पूर्ण गुण.)

प्रश्न ५. उपक्रम.

पुढच्या मीटिंगमध्ये लाल टिंब दिसत असताना प्रत्येकाला नाव घेऊन विचारा: तुम्ही काय करणार, कधीपर्यंत, आणि काय होणार नाही? उत्तरं तिथल्या तिथे चॅटमध्ये एकेका ओळीत लिहा. नंतर रेकॉर्डिंग बंद करा, उरलेले चार जण पुढे काय बोलतात ते ऐका आणि चॅटमधल्या ओळींशी ताडून बघा. दोन्हींत फरक नसेल, तर तुम्ही उत्तीर्ण. फरक असेल, तर पाठ १० पुन्हा वाचा आणि वरिष्ठांनाही वाचायला द्या. ते ‘ऑफलाइन वाचतो’ म्हणाले, तर गुण देऊ नयेत.